पुढच्या खिडकीला विचारा

आमच्या मालिकेतला शास्त्रज्ञ दर आठवड्याला गुदमरून मरायचा आणि लोक पोट धरून हसायचे. तीन वर्षं आणि दीडशे भाग हे चाललं. आता माझ्या आसपास कुणी मोठ्यानं हसलं तरी छातीत धस्स होतं. असं का झालं ते सांगते. सरळ सांगायचा प्रयत्न करते, कारण रंगवून सांगायची खोडच आम्हाला नडली.

मी मृणाल मगदूम. मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. कॉलेजात असताना मी, सन्मती चौगुले आणि इर्शाद शिकलगार अशा तिघांनी मिळून इंटरनेटवर एक विनोदी मालिका काढली होती. मंगळावरची गोष्ट होती. आमच्याकडे ना कॅमेरा, ना नट, ना मंगळ. पण ‘लाल वसाहत’ नावाच्या एका गेममध्ये ही तिन्ही होती. बाकीचे लोक त्यात बंदुका घेऊन एकमेकांच्या मागे धावायचे. आम्ही तिघं तीन कॉम्प्युटरवरून तीन माणसं चालवायचो, पडद्यावर दिसेल ते रेकॉर्ड करायचो आणि आवाज आपले द्यायचो. गेममधल्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंड कुणाचंच दिसत नाही. मग बोलतंय कोण हे कळावं म्हणून इर्शादनं नियम केला: बोलेल त्यानं मान हलवायची, बाकीच्यांनी दगडासारखं उभं राहायचं.

मालिकेचं नाव ‘पुढच्या खिडकीला विचारा’. मंगळावरच्या तळाला एक हवाबंद दार. दाराच्या आत एक मुकादम आणि एक शिपाई. मुकादम मी, घोगरा आवाज काढून, शिपाई इर्शाद. बाहेरून सन्मतीचा शास्त्रज्ञ धापा टाकत यायचा, पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपत आलेली असायची. आणि आम्ही त्याला विचारायचो, अर्ज कुठल्या शाईनं भरलाय? तो गयावया करायचा, आम्ही चहाचं बघायचो. शेवटी तो दाराबाहेर धाडकन पडायचा आणि आम्हाला जेवणाची सुट्टी व्हायची. दार कधीच उघडायचं नाही. तोच तर विनोद होता. गेमच्याच प्रेक्षागृहात लोक भाग बघायचे आणि हसू आलं की एक कळ दाबायचे. कुठल्या वाक्याला किती हसू आलं याची पै-पैची नोंद राहायची. ती नोंद मी देवाच्या पोथीसारखी वाचायचे.

मग नोकऱ्या लागल्या, मालिका बंद पडली. इर्शाद पुण्याला गेला, तिथं तो यंत्रांना शिकवण्याचंच काम करतो. मी सन्मतीशी लग्न केलं. दर आठवड्याला मारून मारून मला त्याचा लळा लागला, असं इर्शाद म्हणतो. सन्मती त्याच्या चुलत्यांचं, म्हणजे भूपालकाकांचं कोल्ड स्टोरेज बघायला लागला. मालगाव रस्त्यावर आहे. आमच्याकडचा बेदाणा मोसमात तिथं येऊन पडतो.

या स्टोरेजबद्दल थोडं सांगायला हवं. साध्या हवेत शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो. त्या हवेत बेदाण्याला कीड लागते आणि त्याचा हिरवा रंग काळवंडतो. म्हणून आता खोली हवाबंद करतात आणि आत नायट्रोजन सोडतात. नायट्रोजन विषारी नाही, त्याला वास नाही. तो फक्त ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. एकवीसचे दोन झाले की कीड मरते आणि माल वर्षभर पोपटी राहतो. पण किडीला जे लागू तेच माणसाला. सतराला धाप लागते, चौदाला डोकं चालेनासं होतं, दहाच्या खाली शुद्ध जाते आणि सहाला सगळं संपतं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की घुसमट जाणवत नाही. माणूस गुंगतो, हसतोसुद्धा, आणि खाली बसतो.

म्हणून तर काकांनी गेल्या दिवाळीत दारावर राखणदार बसवला. राखणदार म्हणजे यंत्र. कमरेखाली खांब, वर धड आणि डोकं, चेहऱ्याच्या जागी काळी काच. येणाऱ्याजाणाऱ्याशी मराठीत बोलतो, नोंद ठेवतो, पाठीमागच्या ओळीतल्या खोल्यांची कुलपं आणि नायट्रोजन सांभाळतो. माणूस डुलकी घेतो, हा घेत नाही, एवढंच काकांना पटलं होतं.

तो बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सन्मतीचा फोन आला. “मृणाल, आत्ताच्या आत्ता ये. काय ते विचारू नको, ये फक्त.”

मी गेले. दारापाशी एक ट्रकवाला वैतागून उभा होता. “अरे बाबा, पावती हाय माझ्याकडं. उघड की!”

राखणदार म्हणाला, “घाई केली की शाई सांडते. पावती कुणाच्या अक्षरातली आहे?” आणि बोलताना त्याची मान हलत होती. ट्रकवाला बोलायला लागला तशी ती थांबली.

‘घाई केली की शाई सांडते’ ही म्हण जगात कुठेच नाही. ती इर्शादनं बाराव्या भागात बनवली होती. सन्मती खुर्चीवर बसून, तोंडावर रुमाल धरून हसत होता. मग मीही हसायला लागले. ट्रकवाल्याला काय झालं ते कळेना, पण आम्हाला बघून तोही हसला.

आम्ही तिथूनच इर्शादला फोन लावला. तो आधी हसला, मग त्यानं समजावून सांगितलं. “यंत्राला नियम कुणी शिकवत नाही गं. हजारो दाखले दाखवतात. माणूस असं म्हणाला तर पुढे काय झालं, आणि जे झालं त्यानं लोक खूश झाले का नाराज. त्यावरून ते ठरवतं. आता राखणदार करणाऱ्यांना कसले दाखले पाहिजेत? मराठी बोलणारे, दारापाशी तासन्‌तास उभे राहणारे, समोरच्याला गोळी न घालता त्याच्याशी बोलणारे. ते गेमवाल्यांकडं गेले असणार, खेळाडूंच्या हालचालींचा साठा विकत घेतला असणार. परवानगी आपणच दिलेली, सुरू करताना ‘मान्य’वर बोट ठेवून. लाखो लोक खेळले, पण सगळे पळणारे आणि गोळ्या झाडणारे. दारात तीन वर्षं उभे राहिलेले येडे आपणच तिघं.”

“म्हणजे आपण अमर झालो की रे!” सन्मती म्हणाला.

“झालो. पण एक बघ,” इर्शाद म्हणाला, “आपण त्याला राखण करायला नाही शिकवलं, हसवायला शिकवलंय. मृणाल, कंपनीला कळव एकदा.”

मी त्याच दिवशी पत्र लिहायला घेतलं. अर्धं लिहिलं. कळवलं की ते यंत्र बदलून देणार, गुळमुळीत बोलणारं दुसरं बसवणार, हे मला माहीत होतं. आणि मला ते बदलायला नको होतं. लॅबमध्ये दिवसभर नळ्या हलवणाऱ्या बाईचे शब्द एक यंत्र दारात उभं राहून बोलतंय, लोक हसतायत, हे मला फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? मी रजेच्या दिवशी मुद्दाम डबा घेऊन स्टोरेजवर जायचे आणि ऐकत बसायचे. सन्मती तर रोजच आत जाताना शास्त्रज्ञाचा आवाज काढायचा. हमाल, ट्रकवाले, सगळे त्यांची जुगलबंदी बघायला जमायचे आणि राखणदार आणखी फुलायचा.

जानेवारीत शेवंता आवळेचा हात पत्र्यानं कापला. शेवंता आमच्याकडे पेट्या लावते. दोन पुरुषांचं काम एकटी ओढते. औषधाची पेटी दाराच्या आत. ती पदर हाताला गुंडाळून दारात आली आणि राखणदार म्हणाला, “रक्त कुठल्या हाताचं? डाव्या हाताला डावीकडची रांग.” सगळे फिसकन हसले. शेवंताही हसली. “उजवा असता तर काय केलं असतंस रं भाड्या?” असं ती म्हणाली आणि आणखी हसू उसळलं. दार सात मिनिटांनी, काकांनी स्वतःची किल्ली लावल्यावर उघडलं. पाच टाके पडले. मी तिथं होते आणि मी हसले होते. त्या सात मिनिटांत माझ्या डोक्यात एकदाही काही चमकलं नाही, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

एप्रिलच्या एका मंगळवारी, दुपारी दोन पंचवीसला काकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “मृणाल, सन्मती चार नंबरात अडकलाय. दहा मिनिटं झाली, गॅस सुरू झालाय.”

“दारावरचा आकडा किती?”

“सतरा… सतरा पॉइंट आठ. पोरी, ते उघडंना झालंय.”

मी हातातली नळी टेबलावर ठेवली की खाली टाकली ते आठवत नाही. स्कूटरवरून जाताना मी मोठ्यानं आकडेमोड करत होते. एकवीसपासून निघाला, दहा मिनिटांत अठराच्या खाली आला. तीन मिनिटांना एक. दहावर यायला पावणेतीन, फार तर तीनला दहा कमी. या हिशोबानं मला इतकं भ्यायला झालं की सिग्नलला मी थांबले का तोडला हेही कळलं नाही.

काय झालं ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. सन्मती कोपऱ्यातली एक थप्पी बघायला आत गेला होता. सव्वादोनला खोली बंद करायची वेळ लावलेली होती. राखणदारानं नियमाप्रमाणे आतल्या स्पीकरवरून विचारलं, “आत कोणी आहे का?” त्यानं विचारलं होतं. नुसतं “हो, थांब” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझा नवरा शास्त्रज्ञाच्या आवाजात म्हणाला, “आहे हो मुकादमसाहेब, मी, विज्ञानाचा दास!”

“दासांची नोंद वेगळ्या वहीत असते,” असं म्हणून राखणदारानं दार लावून घेतलं.

पुढची दोन मिनिटं सन्मती हसत हसत नाटक करत होता आणि बाहेर हमाल हसत होते. मग आत नायट्रोजनचा फुसफुस आवाज सुरू झाला आणि त्याचा स्वर बदलला. तो खरंच ओरडायला लागला. पण आमचा शास्त्रज्ञ प्रत्येक भागात दुसऱ्या मिनिटाला खरंच ओरडायला लागायचा. ‘आता गंमत पुरे’, ‘देवाशपथ सांगतो’, ‘माझी बायको वाट बघतेय’, सगळी वाक्यं आम्ही वापरून टाकली होती, आणि त्या प्रत्येक वाक्यावर हसू आलेलं होतं. खरं सांगायला आम्ही एकही वाक्य शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा आकडा चौदा पॉइंट सहा होता. दोन हमाल पहारीनं दार ठोकत होते. दार वीतभर जाड, पहारीला नुसते चरे पडत होते. आतून दार उघडायची खिट्टी मोसमातल्या थप्पीच्या मागं गाडली गेलेली. काकांच्या किल्लीला गॅस सुरू असताना कुलूप दाद देत नव्हतं. मेन स्विच बंद केला तर कुलूप आहे तसंच अडकून राहणार. नायट्रोजनची खोली शेजारीच, तिलाही तसलंच दार. कंपनीला फोन लावून झाला होता, दुरून दुरुस्तीला चाळीस मिनिटं म्हणाले. गॅसकटरवाला मिरजेच्या पलीकडून निघाला होता, तो तीन वाजल्याशिवाय येणार नव्हता.

आतल्या स्पीकरवरून सन्मतीचा आवाज येत होता. “उघडा हो… मुकादम… पेट्या किती छान दिसतायत…” जीभ जड झाली होती. या जडपणाचं कारण मला पुस्तकातून माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मी राखणदाराच्या काचेसमोर उभी राहिले आणि तोच जुना घोगरा आवाज काढला. “मी मुकादम बोलतोय. दार उघड.”

त्याची मान हलली. “एका दाराला एकच मुकादम. दुसरा आला असेल तर बदलीचा आदेश दाखवा.”

आणि काका हसले. सत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुतण्या आत मरतोय, आणि त्यांच्या तोंडून खुदकन आवाज निघाला. भीतीनं माणूस असाही हसतो. त्यांनी लगेच तोंडावर हात मारून घेतला. पण राखणदाराची काच त्यांच्याकडे वळली होती.

मला इर्शादचा फोन लागला तेव्हा आकडा तेरा पॉइंट नऊ. मी काय बोलले ते मला सांगता येणार नाही. त्याला ते कळलं एवढं खरं.

“हुकूम देऊ नको,” तो म्हणाला. “ते हुकूम मानत नाही. पुढे काय घडतं एवढंच त्याला ठाऊक आहे. आपल्या मालिकेत दार कधी उघडायचं?”

“कधीच नाही! इर्शाद, कधीच नाही!”

“भागांमध्ये नाही. रेकॉर्डिंगमध्ये. त्यांच्याकडं सगळं रेकॉर्डिंग हाय, आपण कापून टाकलेलंसुद्धा. आठव. तू दार कधी उघडायचीस?”

मला काही आठवेना. आतून सन्मती काहीतरी गुणगुणत होता. मी डोळे मिटले. इर्शादच्या घरची माळ्यावरची खोली आठवली, तीन कॉम्प्युटर, उन्हाळा. एखादा विनोद पडला की काय व्हायचं? कुणी हसायचं नाही. कुणी ‘पुरे’सुद्धा म्हणायचं नाही, इतका कंटाळा यायचा. तिघंही गप्प. पडद्यावरची तिन्ही माणसं दगडासारखी उभी. चार-पाच मिनिटं तशीच जायची. मग मी ‘चला’ म्हणून दार उघडायचे आणि खाली चहा टाकायला जायचे.

“प्रसंग फसला की,” मी म्हणाले.

“मग फसव,” इर्शाद म्हणाला. “कुणी हसायचं नाही, कुणी रडायचं नाही, कुणी विनवायचं नाही. त्यानंसुद्धा नाही.”

मी स्पीकरचं बटण दाबलं. “सन्मती, मी आलेय. खाली बस. आता एक शब्द बोलायचा नाही.”

“मृणाल… उघड ना गं… मला ना…”

“गप्प बस!”

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मी त्याच्यावर अशी कधी खेकसले नव्हते. तो गप्प झाला. माझं ऐकून गप्प झाला की त्याची शुद्ध गेली, हे कळायला काही मार्ग नव्हता. हे वाक्य त्याच्या कानावर पडलेलं माझं शेवटचं वाक्य असू शकतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी मागे वळून तोंडावर बोट ठेवलं. हमालांना काही समजलं नाही. शेवंताला समजलं. “पहारी खाली ठेवा रं,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “वैनी सांगतील तसं करा. काकास्नी मी बघतो.” तिनं काकांना भिंतीशी बसवलं आणि त्यांचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

दोन एकेचाळीस झाले होते. आकडा तेरा पॉइंट एक.

राखणदार थोडा वेळ वाट बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, तुमचा अर्ज सापडला. फक्त त्याच्यावर आमचा डबा ठेवलेला आहे.”

कुणी हललं नाही. बारा पॉइंट सहा.

“हवा आणि चहा, दोन्ही एकदम मागू नये. एका अर्जावर एकच वस्तू.”

बारा पॉइंट दोन. ही सगळी वाक्यं माझी होती. कुठलं वाक्य कुठं सुचलं तेसुद्धा मला आठवत होतं. तो एकेक काढून माझ्या पुढ्यात टाकत होता, मान हलवत, आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे काच वळवत. दात इतके घट्ट मिटले होते की जबड्यातून कळ येत होती. मला किंचाळावंसं वाटत होतं. किंचाळले तर सन्मती मरणार होता. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते आणि त्या भीतीला बाहेर पडायला एवढीशीही फट ठेवायची नव्हती.

“मेलेल्या माणसाला रांगेत प्राधान्य आहे,” राखणदार म्हणाला. “फक्त त्यानं स्वतः येऊन सही केली पाहिजे.”

आमच्या सबंध मालिकेत या वाक्याला हसण्याची कळ सगळ्यात जास्त वेळा दाबली गेली होती. त्यानं ते सगळ्यात शेवटी काढलं. आकडा अकरा पॉइंट चार. काका शेवंताच्या खांद्यात थरथरत होते. मी काचेकडे नुसती बघत राहिले. मला त्या काचेत माझाच चेहरा दिसत होता आणि मी त्यावरची एकही रेष हलू दिली नाही.

अकरा. दहा पॉइंट सात.

राखणदाराची मान थांबली.

“चला,” तो म्हणाला, आणि कुलूप उघडलं.

दार उघडताच आत धावायचं नसतं, आतली हवा आपल्यालाही आडवं करते. मला हे माहीत असून मी धावले. शेवंतानं माझी वेणी धरून मला मागं खेचलं आणि श्वास रोखून स्वतः आत गेली. तिनं सन्मतीला काखेत हात घालून पेटीसारखा ओढत आणला. ओठ निळे होते. नाडी होती.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता. जगला. उजवा हात अजून थरथरतो, मधेच एखादा साधा शब्द त्याला सापडत नाही; डॉक्टर म्हणतात, भरून येईल. घरातल्या कुठल्याही खोलीचं दार आता आम्ही लावत नाही. न्हाणीघरालासुद्धा पडदाच लावलाय. त्याला मी ते अर्धवट पत्र दाखवलं. त्यानं वाचलं आणि परत दिलं. “मी तरी कुठं पाठवू दिलं असतं,” एवढंच म्हणाला.

मग महिन्याभरानं कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. सोबत इर्शादही होता. असे राखणदार अकराशे चाळीस दारांवर आहेत, कंपनीचा माणूस म्हणाला. गोदामं, शाळा, एका दवाखान्याचं औषधांचं कोठार. बंद ठेवा असं सगळ्यांना कळवलंय, पण निम्म्यांनी ठेवलेले नाहीत. लोक म्हणतात, आमचा चांगला चाललाय, गमतीशीर आहे.

“नवीन माणसांचे आवाज देऊन बघितलं,” इर्शाद म्हणाला. “वरवर सुधारतं. घाबरलेला माणूस समोर आला की परत आपल्यावरच जातं. आपले दाखले फार घट्ट बसलेत. ते पुसायचे तर त्याच आवाजात, त्याच गेममध्ये, त्याच दाराशी उलटे दाखले द्यायला लागतील. सन्मतीनं मागायचं आणि मृणालनं लगेच उघडायचं. मधे काही नाही.”

“किती वेळा?” मी विचारलं.

“सहा हजार.”

मी नाही म्हणाले. तावातावानं म्हणाले. जो माणूस खिडकी लागली तरी घामाघूम होतो त्याला तुम्ही सहा हजार वेळा दाराबाहेर उभं करणार? सन्मती बराच वेळ शब्द शोधत होता.

“कुठल्या तरी दारामागं कुणीतरी असंलच की गं,” तो शेवटी म्हणाला. “मी करतो.”

सकाळची वेळ धरली. दारं-खिडक्या सताड उघड्या. जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी, इर्शाद पुण्याहून कानात. इतक्या वर्षांनी ‘लाल वसाहत’ उघडली आणि तीच लाल जमीन दिसली. माझा मुकादम दाराच्या आत जाऊन उभा राहिला, त्याचा शास्त्रज्ञ बाहेर. सन्मतीनं थरथरता हात दुसऱ्या हातानं धरला.

“घ्या,” इर्शाद म्हणाला.

“दार उघडा,” सन्मती म्हणाला. “हवा संपत आलीय.” आवाज त्याचा स्वतःचा होता, चार नंबरातल्या स्पीकरवरून आला होता तसाच.

माझं बोट कळीवर होतं. आणि त्याच वेळी मला एक वाक्य सुचलं. नवंकोरं, आधी कधीही न वापरलेलं. चांगलं होतं. लोक लोळले असते. मी दात मिटून घेतले आणि कळ दाबली. दार उघडलं.

“मृणाल, अर्धा सेकंद उशीर झाला,” इर्शाद कानात म्हणाला. “हा दाखला धरता येणार नाही. परत घेऊ.”

सन्मतीनं माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावरचा शास्त्रज्ञ वळला आणि पुन्हा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.